निजसुरेसरांचं पेन

सरांनी पेन परत घ्यायला हात पुढे केला आणि पेलाजीनं ते पेन शांतपणे आपल्या पिशवीत टाकलं.

मी खोलीच्या कोपऱ्यात एका डुगडुगत्या खुर्चीवर बसले होते. शिक्षिकेनं आत बसायला हरकत नाही, पण तोंड उघडायचं नाही, ही निजसुरेसरांची अट होती आणि तोवर मी ती पाळली होती. माझा स्वभाव पाहता ते काही लहानसहान काम नव्हतं.

"पेन," सर म्हणाले.

"उद्या आणून देते, सर."

"उद्या कशाला? आत्ता द्या."

"आत्ता नाही, सर. चांगलं नाही दिसत ते."

बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपली मराठीत सांगतेय. पण कुठल्याही भाषेत ऐकलं असतं तरी अर्थ एकच निघत होता. कॉलेजच्या इंग्रजी विभागप्रमुखांचं पेन, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत एका मुलीनं लंपास केलं होतं. आणि ती मुलगी माझी विद्यार्थिनी होती.

आता थोडं मागचं सांगायला हवं. तेव्हा मोबाइल खिशाखिशांत आलेले नव्हते. आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांतून बरीच मुलं पुण्यात शिकायला यायची. मुलं हुशार, पण शाळा सगळी फ्रेंचमधून झालेली आणि इथलं कॉलेज इंग्रजीतून. त्यांना कॉलेजपुरतं इंग्रजी शिकवायचा एक वर्ग होता, आणि त्या वर्गाची बाई मी. वर्ग भरायचा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली सनई, वर मी. लग्नसराईत खालून 'सावधान' ऐकू आलं की माझी मुलंही हातातली वही टाकून टाळ्या वाजवायची. मी रागवायची, आणि मग मीही वाजवायची.

पेलाजी बेनिनची. पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश आहे, नकाशात बोटाखाली झाकला जातो. तिला राहायला खोली मी माझ्या शेजारच्या चौबळकाकूंच्या गच्चीवर मिळवून दिली होती. नाव ऐकून काकू म्हणाल्या, "मालोजी ऐकलाय, पिलाजी ऐकलाय. मुलीच्या जातीला पेलाजी?" पण मुलगी समोर आली, वाकून हसली, आणि काकूंनी भाडं सांगायच्या आधी चहा टाकला.

तिच्या गावात बायका घरोघरी शेंगदाण्याचं तेल काढतात. तिची आई आणि मावश्या दिवसभर चुलीपुढे दाणे भाजत, कुटत, धुरात खोकत बसायच्या. पेलाजीला त्यातलंच शास्त्र शिकायचं होतं. "मी शिकून जाईन आणि गिरणी घालीन," असं तिनं मला पहिल्याच दिवशी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि पुष्कळशा हातवाऱ्यांनी सांगितलं होतं. अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीला तिला जागाही मिळाली होती. पण एक मेख होती. 'हिला इंग्रजी पुरेसं येतं' असं कॉलेजच्या निजसुरेसरांनी लिहून द्यायला हवं होतं. त्यांनी नाही म्हटलं की शिष्यवृत्ती गेली, आणि पुढच्या विमानानं परत चूल आणि धूर.

तिचं इंग्रजी म्हणजे नुसते घोटाळे होते. इंग्रजी आणि फ्रेंच या भावकीतल्या भाषा, त्यामुळे चेहरे सारखे आणि स्वभाव निराळे. फ्रेंचमध्ये साधं 'मागणं' म्हणायला जो शब्द आहे, तो दिसायला इंग्रजीतल्या 'डिमांड'चा जुळा भाऊ. त्यामुळे ती काकूंकडे पाणी 'डिमांड' करायची. काकू जुन्या काळच्या बी. ए. त्या मला म्हणाल्या, "कुमुद, ही पोरगी पाणी मागते की खंडणी?" फ्रेंचमध्ये पुस्तकाच्या दुकानाला म्हणतात तो शब्द आपल्या 'लायब्ररी'सारखा, म्हणून पेलाजी एकदा पेठेतल्या वाचनालयात जाऊन शब्दकोशाची किंमत विचारत बसली होती. ग्रंथपालांनी मला निरोप पाठवला, तुमची पाहुणी वाचनालय विकत घ्यायला निघालीय, तिला घेऊन जा. शिकणं आणि शिकवणं या दोन्हींना तिच्याकडे एकच शब्द. त्यामुळे, "बाई, तुम्ही मला फार छान शिकता," हे तिचं माझ्याबद्दलचं प्रशस्तिपत्र. तेही काही अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

पण तिचं उभं वैर होतं ते 'लेंड' आणि 'बॉरो' यांच्याशी. उसनं देणं कुठलं आणि उसनं घेणं कुठलं, काही केल्या जागेवर बसेना. व्याख्या घोकल्या, वाक्यं लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी पाहावं तर पहिले पाढे पंचावन्न.

माझं एक मत होतं, अजूनही आहे. असे शब्द वहीत उतरवून येत नाहीत, ते हातातून जावे लागतात. म्हणून मी घरच्या स्टीलच्या वाट्या वर्गात नेल्या. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे मुलं. मी वाटी पुढे सरकवली की मी 'लेंड' करतेय, तू उचललीस की तू 'बॉरो' करतेस, माझ्याकडे परत आली की 'रिटर्न'. आणि जी वाटी परत यायचीच नाही ती 'गिव्ह'. इतका खणखणाट झाला की खालचे व्यवस्थापक जिना चढून आले आणि दारातून म्हणाले, "बाई, पंगत वर बसवलीत की काय?"

घरीही तेच. आमच्या गल्लीत वाट्यांची ये-जा जुनीच, त्यात आता गच्चीवरच्या खोलीची भर पडली. काकू वालाचं बिरडं पाठवायच्या, वरून काहीतरी खाली यायचं. मी पेलाजीला बजावून ठेवलं होतं, "जिन्यात जे शिकशील तेच वर्गात वापर. शब्द तिथेच नीट कळतील." शिक्षकांनी असं काही बोलण्याआधी पुढचा विचार करावा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

निजसुरेसर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. स्वल्पविराम चुकला म्हणून लोकांचे अर्ज परत पाठवायचे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक काळं, सोनेरी टोपणाचं शाईचं पेन होतं. ते कुणाच्या हाती देत नाहीत, असं त्यांचा शिपाईसुद्धा अभिमानानं सांगायचा.

त्या दुपारच्या तोंडी परीक्षेत पेलाजीनं मात्र कमाल केली होती. सरांनी अशा फसव्या शब्दांच्या जोड्या एकामागून एक विचारल्या आणि तिनं एका शब्दाचंही बोट दुसऱ्याला लागू दिलं नाही. शेवटी सर म्हणाले, "आता तुमच्या घराविषयी थोडं लिहा." तिचं बॉलपेन नेमकं तेव्हाच रुसलं. तिनं झटकलं, तळव्यावर घासलं, काही उपयोग नाही. मी माझी पर्स उघडतेय तोच सरांनी मला नजरेनं थांबवलं आणि खिशातलं ते काळं पेन काढून तिच्यापुढे धरलं.

"मी काय करतोय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लेंड करताय, सर."

"आणि तुम्ही?"

"मी बॉरो करतेय."

"आणि लिहून झाल्यावर?"

"रिटर्न करीन."

सर चक्क हसले. मला वाटलं, जिंकलो. तिनं पान भरून लिहिलं. शेवटच्या ओळीत अक्षरं जरा फिकी झाली, पण तिनं दाब देऊन ती पुरी केली आणि निब रुमालाला पुसली. सरांनी कागद वाचला, दोनदा 'हं' म्हणाले, शिक्क्याची डबी उघडली आणि पेनासाठी हात पुढे केला. पुढचं मी सांगितलंच आहे.

"पेलाजी," मी अट मोडली, "अगं, दे त्यांचं पेन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. "बाई, हे तुम्ही सांगताय?" ती म्हणाली.

मला काही अर्थबोध होईना. तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर, प्राचार्यांनी बोलावलंय. सगळे जमलेत, तुमच्यासाठी थांबलेत."

सर उठले. शिक्क्याची डबी त्यांनी मिटली. तो 'टक' असा आवाज मला अजून ऐकू येतो. "मॅडम," ते माझ्याशी मराठीत बोलले, "तुमच्या विद्यार्थिनीला शब्द पाठ आहेत, अर्थ येत नाहीत. उसनं घेणं आणि ठेवून घेणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला इंग्रजी येतं असं मी लिहून देत नसतो. पेन उद्या सकाळी टेबलावर दिसू दे. बाकीचं विसरा."

फाटकाबाहेर येईपर्यंत मी दम धरला. मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हातातोंडाशी आलेला घास, हातानं धोंडा पाडून घेतलास पायावर, आई चुलीपुढे खोकतेय तिला काय सांगशील, काय वाटेल ते मी बोलले. ती ऐकत होती आणि भराभरा चालत होती. शेवटी मला धाप लागली आणि मी थांबले, तशी तीही थांबली.

"बाई, शाई कुठे मिळते?" तिनं विचारलं.

"शाई?"

तिनं पिशवीतून पेन काढलं, उघडलं आणि तळहातावर रेघ ओढून दाखवली. रेघ उठलीच नाही. "मी घेतलं तेव्हा यात शाई होती. मी संपवली. रिकामं परत कसं देऊ? पहिल्या वाटीच्या वेळी तुम्हीच सांगितलंत ना?"

आणि मला ती पहिली वाटी आठवली.

ती राहायला आली त्याच आठवड्यात काकूंनी बिरडं पाठवलं होतं. पेलाजीनं दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून, आरशासारखी लखलखीत करून काकूंच्या हातात ठेवली. काकूंचा चेहरा पडला. मग मी तिला जिन्यात गाठून सांगितलं, अगं, आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. "पण मी स्वच्छ धुतली," ती म्हणाली. धुतलीस ग, पण रिकामी नको. चिमूटभर साखर घाल, एखादं फळ ठेव. "म्हणजे ही किंमत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, किंमत नव्हे. किंमत दिली की व्यवहार संपतो, आणि इथे तो संपू द्यायचा नसतो. भरलेली वाटी आली, भरलेली गेली, म्हणजे येणं-जाणं चालू राहतं. तिनं मान डोलावली. तेव्हापासून वाटीतून कधी तळलेल्या पिकल्या केळ्याचे काप खाली यायचे, कधी तिच्या गावाकडच्या शेंगदाण्याच्या कुरकुरीत कांड्या. काकू त्यांना 'पेलाजीची शेव' म्हणायच्या आणि कुणाला द्यायच्या नाहीत.

जिन्यात शिकशील तेच वर्गात वापर, असं मीच तिला बजावलं होतं. तिनं ते अक्षरशः वापरलं होतं. भर रस्त्यात मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मघाशी तिला काय काय बोलले होते मी! मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल, शाई घेऊ."

दुकानदारानं विचारलं, "निळी, काळी की निळी-काळी?" पेलाजीनं रुमाल काढला. निब पुसल्याचा डाग त्यावर होता. तिनं त्याला प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब कागदावर टाकायला लावला आणि रुमाल शेजारी धरून पाहत राहिली. "ताई, लग्नाची साडी मॅचिंग करताय का?" दुकानदार वैतागून म्हणाला. पण रंग जुळेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं पेन धुतलं, भरलं, आणि बाहेरून असं पुसलं की सरांच्या वडिलांनाही ते ओळखू आलं नसतं.

मी म्हटलं, "मी सरांना चार ओळी लिहून देते. नाहीतर त्यांना कळायचं नाही."

"नको, बाई." ती ठामपणे म्हणाली. "वाटी परत देताना काकू कधी समजावून सांगतात का?"

माझेच दात आणि माझेच ओठ.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा सर कागदांत बुडालेले होते. त्यांनी मान वर केली नाही. पेलाजीनं दोन्ही हातांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "लेंड केल्याबद्दल आभारी आहे, सर. रिटर्न करतेय."

"ठीक," सर म्हणाले. म्हणजे आता जा.

ती गेली नाही. मीही नाही. सरांनी वैतागून पेन उचललं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. दोन शब्द ठळक, ओले उमटले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी निब पाहिली. पेन उघडून आत पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा पाहिलं. मी जीभ दाताखाली धरून उभी होते. उभ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही.

"काल यातली शाई संपली होती?"

"हो, सर. शेवटच्या ओळीत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, असू दे, चालेल. मग मला ते रिकामंच द्यावं लागलं असतं."

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मॅडम, हे इंग्रजी नव्हे."

"नाही, सर," मी म्हटलं. "या आमच्या शेजारच्या चौबळकाकू आहेत." आणि मग मात्र मी सगळं सांगितलं. पहिली वाटी, जिना, वर्गातला खणखणाट, रुमालावरचा डाग. ऐकता ऐकता सर खुर्चीत टेकून बसले.

"आमच्याकडे साखर रेशनवर यायची," ते म्हणाले. "महिनाअखेरीला डबा रिकामा. तेव्हा आई वाटीत दोन लवंगा टाकून पाठवायची. पण टाकायची. मला लाज वाटायची त्या दोन लवंगा घेऊन जायची." एवढं बोलून ते थांबले आणि पुन्हा विभागप्रमुख झाले. पेलाजीला इंग्रजीत म्हणाले, "हे पाहा, इंग्रजीत रिटर्न म्हणजे नुसतं परत करणं. भरून परत करणं नव्हे. एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर जगात लोक तुम्हाला पेनं द्यायचे नाहीत."

"हो, सर. रिटर्न म्हणजे नुसतं परत करणं." तिनं नीट उच्चारून म्हटलं. मग जरा घुटमळून विचारलं, "पण नुसतं परत कसं करायचं, सर?"

सरांनी शिक्क्याची डबी उघडली, खणातून छापील प्रमाणपत्र काढलं आणि त्याच पेनानं झरझर लिहून खाली सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

"इथे तुमची सही," सर म्हणाले आणि पेन पुन्हा तिच्यापुढे धरलं. या खेपेला काही विचारलं नाही.

तिनं सही केली. सरांनी हात पुढे केला. पेलाजीनं मात्र आधी पेन उघडलं, खिडकीच्या उजेडात धरून आत किती शाई उरलीय ते डोळे बारीक करून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि मगच ते त्यांच्या हातात ठेवलं. निजसुरेसर एवढ्या मोठ्यानं हसले की शिपाई धावत आला.

पेलाजी पदवी घेऊन गेली. तिची गिरणी तिच्या गावात चालते, आई आता भट्टीपाशी नाही तर गल्ल्यावर बसते आणि सगळ्यांवर ओरडते, असं ती फोनवर सांगते. 'लेंड' आणि 'बॉरो' यांत ती अजून एकदाही चुकलेली नाही. मी मात्र त्या वर्गावर होते तोवर वाट्या घेऊनच शिकवत राहिले.

सही मिळाली त्या दिवशी आम्ही दोघी घरी आलो तेव्हा काकू पायरीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी एका दमात त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता काकू भारावून जातील, पोरीला पोटाशी धरतील. काकू वाल सोलत राहिल्या. पेलाजीनं पेन भरून दिलं यात त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"मग निजसुऱ्यांनी काय दिलं?" त्यांनी विचारलं.

"सही दिली," मी म्हटलं. "प्रवेश झाला हिचा."

"मग बरं," काकू म्हणाल्या. "रिकाम्या हातानं नाही पाठवलं."